सोवळ्यातली तीन वाक्यं

मी मुळातच भित्री. पालीला भिते, विजेला भिते, दारात तारवाला दिसला तर तार शेजारच्यांची असली तरी माझे पाय गळतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काय केलं आणि काय केलं नाही याचं कोणाला नवल वाटायला नको. पण ज्या भीतीनं मला खरोखर पोखरलं ती पालीची नव्हती, विजेचीही नव्हती. ती एका भाषेची होती.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. आम्ही कल्याणला पारनाक्याजवळ राहत होतो. घरात तिघंच: वडील, त्यांची थोरली बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. मी सहा वर्षांची असताना आई गेली. वडील रेल्वेत कारकून होते. आत्या चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. तिला अक्षरओळख नव्हती. पण तिचे वडील तिच्या भावांना ओटीवर संथा द्यायचे, तेव्हा ती आत भांडी घासता घासता ऐकायची, आणि भावांच्या आधी तिचं पाठ व्हायचं. स्तोत्रांचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता आणि तिनंही कोणाला विचारला नव्हता. रोज पहाटे चारला उठायचं, थंड पाण्यानं आंघोळ करायची, सोवळं नेसून देवापुढे बसायचं आणि एकामागून एक स्तोत्रं म्हणायची, हा तिचा नेम होता. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. आणि सोवळ्यात असताना कोणा पारोशा माणसाचा हात लागला, की पुन्हा आंघोळ आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लहानपणी मी दोनदा अशी शिवले होते आणि दोन्ही वेळा पाठीत धपाटा खाल्ला होता.

मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते, तेव्हा नाशिकच्या एका मुलाचं स्थळ सांगून आलं. मुलगा जर्मनीत यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर होता, रजेवर आला होता. बघण्याचा कार्यक्रम वीस मिनिटांत आटोपला. त्यानं मला एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला थंडी सोसते का?" कल्याणात वाढलेल्या मुलीला थंडी कुठून माहीत असणार! मी "हो" म्हटलं आणि लग्न ठरलं. तो परत गेला. पुढच्या वैशाखात महिन्याच्या रजेवर येऊन, लग्न करून मला घेऊन जाणार होता.

मला कोणी विचारलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. वडिलांनी विचारलं होतं. कचेरीत जाताना चपला घालता घालता म्हणाले, "पसंत आहे ना गं?" मी मान हलवली. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की दुसरं काही करणं मला जमलंच नसतं. पुढचे आठ दिवस ते कल्याण स्टेशनावरच्या हमालांनासुद्धा सांगत होते, पोरगी जर्मनीला चालली म्हणून. मी मात्र जेवताना घास गिळायला विसरत होते. मुलगा वाईट नव्हता. पण मला त्याचा चेहरा आठवेना, आणि ज्याचा चेहरा आठवत नाही त्याच्याबरोबर समुद्र ओलांडायचा होता.

त्याचं पत्र आलं की मुलीला थोडी जर्मन शिकवून ठेवा, इथं एकटी पडायची नाही. वडिलांनी ठाण्यातले एक मास्तर शोधून काढले. ते नौपाड्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे. तरुणपणी, युद्धाच्या आधी, जर्मनीत सहा वर्षं शिकायला होते. बुटके, पांढऱ्या मिशांचे, कायम तपकिरीच्या वासाचे. आठवड्यातून तीन दुपारी मी ठाण्याला जायचे आणि दिवेलागणीच्या आत परत यायचे.

मास्तरांनी पहिल्या महिन्यात शिकवलेली वाक्यं अशी: मला भूक आहे. मला हे हवं. मला हे नको. मी जाते. मी जात नाही. मी रोज गाडीत बसून ती घोकायचे. एकदा घोकता घोकता लक्षात आलं, की "मला नको" हे मी कोणाला मराठीत कधी म्हटलेलंच नाही. आमच्या घरी पानातसुद्धा नको म्हणायचं नाही, पुरे म्हणायचं असा दंडक होता. मी ते वाक्य पुन्हा म्हटलं. समोरच्या बाकावरची बाई माझ्याकडे बघायला लागली, तशी मी गप्प झाले.

"ज्या दिवशी त्या भाषेत स्वप्न पडेल ना," मास्तर म्हणायचे, "त्या दिवशी पेढे घेऊन ये. समज, भाषा तुझी झाली."

ते स्वप्न दिवाळीनंतर पडलं, आणि पेढे आणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आमचंच घर, आमचंच परसू. वडील मागच्या दारात उभे राहून छत्री मागत होते, जर्मनमध्ये. आत्या तांदूळ निवडत होती आणि बोटानं खडे बाजूला काढत आकडे मोजत होती, तेही जर्मनमध्ये. मी मराठीत हाक मारली. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. मग मी त्या दुसऱ्या भाषेत बोलायला लागले आणि काय बोलत होते! जागेपणी चार वाक्यांत दहा वेळा अडखळणारी मी घडाघडा बोलत होते, जन्मभर तेच बोलत आल्यासारखी. वडील आणि आत्या बोलायचे थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. त्यांना माझं एक अक्षर कळत नव्हतं. मग ती दोघं उठून घरात गेली आणि त्यांनी आतून कडी लावली.

जाग आली तेव्हा उजाडायला आलं होतं. मी घामानं भिजले होते. वर बघितलं. आडवं लाकूड दिसत होतं, पण ज्याच्याखाली मी जन्मले त्याला काय म्हणतात ते आठवेना. मी पडल्या पडल्या शोधत राहिले. तुळई. किती वेळानं आठवलं सांगता येणार नाही, पण तेवढ्या वेळात मी जितकी घाबरले तितकी पुढे बाळंतपणातही घाबरले नाही. मला वाटलं, ही अशीच जाणार. आज तुळई गेली, उद्या वडिलांचं नाव जाईल. आणि आमच्याकडे पहाटेची स्वप्नं खरी होतात असं सगळे मानायचे. मीही मानत होते.

मग ते स्वप्न दर तीन-चार दिवसांनी पडायला लागलं. मी झोपायला भिऊ लागले. डोळ्यांखाली काळं आलं. वडील कौतुकानं म्हणाले, "अभ्यास फार करते पोर."

एक दिवस वेणी घालता घालता आत्या हळूच म्हणाली, "अगं, तू पहाटे झोपेत बोलतेस."

"काय बोलते?"

"मला मेलीला काय कळणार? पण तेच ते बोलतेस. आणि रडतेस." तिनं वेणी घट्ट ओढली. "काही लागलंय का गं तुला?"

शेजारच्या काकूंनी तर निदानच करून टाकलं. रुळापलीकडे युद्धाच्या वेळची लष्करी छावणी होती. तिथं गोरे सोल्जर तापानं मेले होते असं लोक बोलायचे. त्यातलाच एखादा या मुलीला धरून बसला असणार, नाहीतर कल्याणची पोर झोपेत असं कशाला बोलेल? खाडीपलीकडच्या गावात एक भगत होता, त्याच्याकडे नेण्याचं बोलणं सुरू झालं. आत्यानं माझी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, उशाखाली अडकित्ता ठेवला, कपाळाला अंगारा लावला. मी सगळं करू दिलं. मला भुताची भीती नव्हती असं नाही, पण त्याहून मोठी भीती होती ती मी काय बोलते याची. ते मलाच ठाऊक नव्हतं. स्वप्नातलं बोलणं जाग आली की पुसून जायचं. घरात कोणाला कळत नाही म्हणून मी वाचले होते, एवढंच समजत होतं.

भगताचं आत्यानंच मोडून काढलं. म्हणाली, "आधी मास्तरांना विचारू. तिकडचं भूत असेल, तर तिकडे राहिलेल्या माणसाला कळेल."

ती माझ्याबरोबर ठाण्याला आली. आयुष्यात दुसऱ्यांदा आगगाडीत बसत होती. मास्तरांच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर टेकली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "मास्तर, ही झोपेत बोलते. ते तुम्हाला म्हणून दाखवते. सांगा काय आहे ते."

"तुम्ही म्हणून दाखवणार?" मास्तर हसले. "बाई, ती भाषा तुम्हाला..."

आत्यानं हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं. पहाटे देवापुढे बसून ती रोज जे ऐकत होती ते तिला न ठरवता पाठ झालं होतं, जसं लहानपणी भिंतीपलीकडून सगळं पाठ झालं होतं. चाल स्तोत्राचीच. पण अक्षर न् अक्षर स्वच्छ.

"इश हाबे आंग्स्ट, फाटर. इश विल निश्त फोर्ट. इश केने डेन मान निश्त."

मला भीती वाटते, बाबा. मला जायचं नाही. मी त्या माणसाला ओळखत नाही.

तिनं ते तीनदा म्हटलं, कारण कुठलीही गोष्ट ती तीनदाच म्हणायची. खाली दवाखान्यात कोणाचं तरी मूल रडत होतं. मास्तरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. मी भिंतीला टेकून उभी होते. आपण जे स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो, ते आत्याच्या तोंडून, तिच्या त्या पहाटेच्या चालीत ऐकायचं!

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि जर्मनमध्ये हळूच विचारलं, सांगू का?

एका शब्दाचं काम होतं. मी जोरजोरात मान हलवली, नको, नको. वैशाख तीन महिन्यांवर आला होता. कार्यालय ठरलं होतं. वडिलांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे होता.

मास्तरांनी तपकीर ओढली. "बाई," ते म्हणाले, "घाबरू नका. भूतबीत काही नाही. ही त्यांच्याकडची प्रार्थना आहे. मुलं झोपताना म्हणतात. मीच शिकवली."

"देवाची आहे?"

"देवाचीच."

आत्याचा जीव भांड्यात पडला. परत येताना गाडीत ती विचार करत बसली होती. मुंब्र्याचा डोंगर मागे गेल्यावर म्हणाली, "आपले देव तुझ्याबरोबर तिथवर येतील की नाही कोण जाणे. तिथं तुला सांभाळणार ते तिकडचेच. त्यांनाही आधीपासून सांगून ठेवलेलं बरं." आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या पहाटेच्या नेमात, शेवटच्या स्तोत्रानंतर, ती तीन वाक्यं आली.

त्यानंतरचे तीन महिने कसे गेले ते मलाच माहीत. स्वप्न पडायचं बंद झालं. त्याची गरजच उरली नव्हती. रोज पहाटे मी जागी होऊन पडून राहायचे आणि समईपुढे बसलेली आत्या माझ्या वतीनं देवाला सांगायची, मला भीती वाटते, बाबा, मला जायचं नाही. तीनदा. मग ती शंख वाजवायची. वडील दाढी करता करता कौतुकानं ऐकायचे. कचेरीत सांगायचे, आमच्या अक्कांना या वयात जर्मन प्रार्थना येते. आणि मी पांघरुणात तोंड खुपसून म्हणायचे, आज सांगू, आज सांगू. एकदाही सांगितलं नाही.

चैत्र संपता संपता तो रजेवर आला. लग्नाचं उरलंसुरलं बोलायला आपल्या मामांना घेऊन आमच्याकडे यायचा होता, सकाळी नऊपर्यंत. पण त्यांना रात्रीच्याच गाडीत जागा मिळाली आणि पावणेसहाला टांगा दारात उभा राहिला. वडील बनियनवरच धावले. मी केस विंचरायला घेतले होते ते तसेच बांधले. "पाणी आण गं!" वडिलांची हाक आली.

मी तांब्या भरायला स्वयंपाकघरात गेले आणि जागच्या जागी थिजले. तिथंच कोपऱ्यात देव होते आणि देवापुढे आत्या बसली होती. पाहुणे आलेले तिच्या कानावर गेले असणार, पण नेम मोडून ती उठणारी नव्हती. तिचं शेवटचं स्तोत्र चालू होतं. ओटी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक उघडं दार. आणि ओटीवर तो बसला होता. आमच्या सगळ्या कल्याणात ती तीन वाक्यं समजणारा बहुधा एकटाच माणूस.

मी "आत्या" म्हणून हाक मारली. तिनं डोळे न उघडता हातानं थांब म्हणून खूण केली. मी पुन्हा हाक मारली. तिनं आवाज चढवला.

मी पारोशी होते. तिच्या खांद्याला नुसतं बोट लावलं असतं, की झालं असतं. ती उठली असती, मला शिव्या घालत आंघोळीला गेली असती, आणि ती पुन्हा सुरुवात करून शेवटाला येईपर्यंत चहापोहे होऊन पाहुणे आंघोळीला विहिरीवर गेले असते. मी पुढे सरकले. हात लांब केला. तिच्या मानेवरचे बारीक पांढरे केस दिसत होते. माझा हात तिच्या खांद्यापासून चार बोटांवर होता.

मी हात मागे घेतला. धैर्य म्हणून नव्हे. कोणत्या गोष्टीला जास्त भिते ते त्या क्षणी मला कळलं, इतकंच.

"इश हाबे आंग्स्ट, फाटर," आत्यानं सुरू केलं.

ओटीवर मामा आणि वडील गाडीच्या गर्दीबद्दल बोलत होते. तिसरा आवाज मध्येच तुटला. आत्यानं पहिल्यांदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. मग शंख वाजला.

"हे आत कोण म्हणतंय?" त्याचा आवाज.

"आमच्या अक्का!" वडील आनंदानं म्हणाले. "जर्मन प्रार्थना. मुलीकडून ऐकून ऐकून शिकल्या. तुम्हाला ओळखू आली ना?"

"आली," तो म्हणाला.

मी पाणी घेऊन गेले. तांब्या-भांडं त्याच्यापुढे पाटावर ठेवलं. त्यानं वर बघितलं. तेव्हा मी त्याचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. थकलेला, साधा, डोळ्यांत प्रवासाची लाली. त्यानं हळू जर्मनमध्ये विचारलं, हे शब्द कोणाचे?

"माझे," मी त्याच भाषेत म्हटलं.

"अजूनही?"

"हो."

"वा!" वडील मामांना म्हणाले. "बघा, बोलायलासुद्धा लागली." मामांनी हसून मान डोलावली. त्यानं तांब्यातलं पाणी भांड्यात ओतून घेतलं, सावकाश प्यायला आणि वडिलांकडे वळून गाडीला कुठं कुठं उशीर झाला ते सांगायला लागला.

आठवड्यानं त्याचं पत्र आलं. कारखान्यानं दुसऱ्या गावी बदली केली आहे, बायकोला ठेवण्यासारखी जागा नाही, अशा स्थितीत मुलीला गुंतवून ठेवणं बरं नाही, दोष सर्वस्वी माझा, क्षमा असावी. वडिलांनी ते पत्र फाडलं. पुढे कितीतरी वर्षं ते त्या माणसाला लबाड, दगाबाज, तिकडे कोणी गोरी ठेवली असणार, असं काय काय म्हणत राहिले. प्रत्येक वेळी माझ्या जिभेवर यायचं. एका भल्या माणसानं माझ्यासाठी बदनामी घेतली, आणि माझ्यानं वडिलांना ते कधी सांगवलं नाही. वडील गेले तेही त्याला शिव्या देतच. याची लाज मला आजही वाटते.

दोन वर्षांनी माझं लग्न डोंबिवलीच्या एका शाळामास्तरांशी झालं. बघायला आले तेव्हा त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. मीच तीन विचारले.

आत्यानं मात्र ठरलेलं लग्न मोडल्याचा दोष स्वतःकडे घेतला. परक्या देवापुढे म्हणताना आपला कुठं तरी उच्चार चुकला असणार, म्हणून त्यांनी ऐकलं नाही, अशी तिची पक्की समजूत झाली. तिनं ती वाक्यं सोडली नाहीत. उलट अधिक जपून, सावकाश म्हणू लागली. माझ्या लग्नानंतरही म्हणत होती.

ती शेवटची आजारी पडली तेव्हा मी कल्याणला येऊन राहिले होते. उठवत नव्हतं, सोवळं सुटलं होतं, तरी पडल्या पडल्या पहाटे ओठ हलायचे. स्तोत्रं एकेक करून विसरली होती. मध्येच ओळी गळायच्या. ती तीन वाक्यं तेवढी शाबूत होती. एका सकाळी तिनं ती म्हटली आणि माझा हात धरला. हात गार होता आणि तिच्या डोळ्यांत मी भीती पहिल्यांदाच पाहिली.

"याचा अर्थ काय गं?" ती म्हणाली. "इतकी वर्षं म्हणतेय. विचारायचंच राहिलं."

मी या वेळी खोटं बोलले नाही. सावकाश सांगितलं. मला भीती वाटते, बाबा. मला जायचं नाही. मी त्या माणसाला ओळखत नाही.

आत्या तुळईकडे बघत पडून राहिली. मला वाटलं, आता विचारेल, हे कसलं देवाचं? नऊ वर्षांची असताना तिला बोहल्यावर उभी केली होती, आणि रडली म्हणून हातात बत्तासा दिला होता, एवढंच तिनं मला स्वतःच्या लग्नाबद्दल कधीतरी सांगितलं होतं.

"चांगली आहे गं प्रार्थना," ती म्हणाली. "आपल्यात अशी नाही."